माझ्या दुपट्यातला पॉसम

मला भाऊ नाही, बहीण नाही. तरीही बाराव्या वर्षी मी धाकट्या भावंडावर जळावं तशी वर्षभर जळत होते, आणि ज्याच्यावर जळत होते तो सुरुवातीला आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका बटाट्याएवढाही भरत नव्हता. हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर तो हसत सुटला. मुलाला सांगितलं तर म्हणाला, "ममा, यू वेअर जेलस ऑफ अ पॉसम?" हो. होते. आणि खरं सांगायचं तर अजून पुरती निवलेली नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तेव्हा आम्ही पुणं सोडून कांगारूंच्या देशात, वेंटवर्थव्हिलला भाड्याच्या घरात राहायचो. फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पत्र्याच्या, पातळ भिंती, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचा गोल फिरणारा सांगाडा आणि एक म्हातारं लिंबाचं झाड, बस. पहाटे मॅगपाय पक्षी गळा खुलवून गायचे, मग गाड्यांचे भोंगे, मग बाबांच्या दाढीच्या मशीनची घरघर. अंधार पडला की छपरावर धाड धाड पळापळ सुरू व्हायची. तिथे मोठ्या जातीचे, झुबकेदार शेपटीचे पॉसम राहत होते, पोटाला पिल्लांची पिशवी असलेले मांजराएवढे प्राणी. बाबा त्यांना 'वरचे भाडेकरू' म्हणायचे आणि पत्र्यावर फारच धिंगाणा झाला की झाडूच्या दांड्याने छताला दोन ठोसे द्यायचे.

पुण्यात आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची. इथे आल्यावर तिच्या पदवीला कोणी विचारेना. अर्ज पाठवायची, 'आभारी आहोत' अशी पत्रं यायची, ती पत्रं ती फ्रिजच्या वर ठेवायची. तिला किती लागलं असेल हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं की पुण्यात पन्नास पोरांत वाटली गेलेली आई इथे आख्खी माझी झाली आहे. तीन वाजता शाळा सुटायची, सव्वातीनला मी दारात, आणि आत गॅसवर काहीतरी रटरटत असायचं. माझी लाडकी गोष्ट म्हणजे शिकरण. आई केळी हातानेच कुस्करायची, दूध, साखर, वर जायफळाची चिमूट. वाटी तयार झाली की हाक मारायची नाही. स्टीलच्या वाटीवर चमच्याने तीनदा टिक टिक टिक वाजवायची, आणि मी घरात असेन तिथून धावत यायचे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी रांगत असल्यापासूनची ही सवय होती. बाबा म्हणायचे, अगं, पोरगी आहे का कोंबडी?

एका रविवारी सकाळी आम्ही दोघी खाडीकडच्या रस्त्याने फिरून येत होतो. रस्त्याच्या कडेला एक रिंगटेल मरून पडली होती. हे छपरावरच्या भाडेकरूंपेक्षा लहान, भित्रे पॉसम, शेपटीचं टोक पांढरं आणि वळलेलं. मी म्हटलं, "ईऽऽ आई, डोन्ट टच इट." पण ती खाली बसली होती. तिने ओढणीच्या टोकात बोटं गुंडाळली, मेलेल्या आईच्या पोटावरची पिशवी हळूच उघडली, आणि माझ्याकडे वर बघून म्हणाली, "गार्गी, आत कोणीतरी आहे." इथे आल्यापासून मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. शिकवतानाचा आवाज होता तो.

पिल्लू असं परस्पर घरी ठेवता येत नाही. आईने ते जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथून ते अनाथ जनावरं वाढवणाऱ्या स्वयंसेवकांकडे गेलं. मी म्हटलं, सुटलो. पण आईने त्यांचा वर्गच लावला, परवाना मिळवला, आणि तिथल्या प्रमुख बाई, लिन, यांनी तिला तेच पिल्लू परत आणून दिलं. लिनचे हात झाडाच्या सालीसारखे होते आणि तोंडात फार शब्द नसायचे. आमच्या सोफ्यावर बसून तिने चार नियम सांगितले. नाव ठेवायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. पाहुण्यांना दाखवायचं नाही. आणि खास दुधाच्या पावडरीशिवाय आणि नेमून दिलेल्या पाल्याशिवाय एक थेंबही काही भरवायचं नाही. "ते तुमच्यावर प्रेम करायला लागलं, तर तुम्ही त्याला मारलंत असं समजा," हे तिचं शेवटचं वाक्य आईने मला त्याच संध्याकाळी मराठीत करून सांगितलं.

पिल्लाला ठेवायच्या पिशव्या मऊ हव्या होत्या. आईने दुकानातलं फ्लॅनेल हाताळून पाहिलं, नाक मुरडलं, आणि कपाटातून माझं दुपटं काढलं. चॉकलेटी काठांचं, तिच्याच जुनेराचं, चार पदरी, हाताने टाके घातलेलं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत. नवं बोचतं, धुऊन धुऊन विरलेलं तेच खरं, असं आई मानायची, आणि पॉसमच्या बाबतीतही तिला दुसरं काही सुचलं नाही. जन्मले त्या दिवसापासून मी त्यावर झोपले होते. सामानाच्या वजनासाठी पितळी भांडी मागे राहिली, पण ते दुपटं विमानात माझ्या मांडीवर बसून आलं होतं. तिने मला विचारलं, "घेऊ ना गं? तू आता मोठी झालीस." मी म्हटलं, "व्हॉटेव्हर." कात्री त्या कापडातून जाताना आवाजसुद्धा झाला नाही, इतकं ते विरलेलं होतं.

मग आमच्या घराचं घड्याळच बदललं. दर चार तासांनी दूध, बाहुलीला शोभेल अशा निप्पलने. मधल्या वेळात पिशवी आईच्या स्वेटरच्या आत, पोटाशी, कारण त्याला ऊब हवी. आई भाजी चिरायची तर एक हात स्वेटरवर. फोनवर बोलायची तर एक हात स्वेटरवर. मी जवळ जाऊन टेकले की म्हणायची, "अगं, जपून, तो आहे." त्याला नाव नव्हतं, त्यामुळे घरात तो फक्त 'तो' होता. आणि बाकी सगळ्या जगाला नावं असतात, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. मी मनातल्या मनात त्याला 'मेल्या' म्हणायचे.

जेवताना आईचा तास सुरू व्हायचा. हा प्राणी निलगिरीची पानं खातो, जी इतरांना विषासारखी. एकदा खाऊन त्यातलं सत्त्व पुरतं मिळत नाही, म्हणून तो स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खातो. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मेधा, वरण-भात चाललाय." आई थांबायची नाही. छपरावरचे मोठे पॉसम बघा, म्हणायची, झाड नसेल तर घर, पान नसेल तर कचऱ्याचा डबा, ते कुठेही निभावतात. रिंगटेलला तसं जमत नाही, फार उकाडा झाला तरी तो झाडावरून खाली गळून पडतो. आणि काहींना तर काहीच जमलं नाही. डुकरासारखी खुरं असलेला एक चिमुकला बँडिकूट होता, लहान जातीचा, सशासारख्या कानांचा एक बिल्बी होता, आता त्यांची वाळलेली कातडीच काय ती संग्रहालयात. मी विचारलं, मूर्ख होते का? "नाही गं. त्यांच्या भूमीत कोल्हा नव्हता, मांजर नव्हतं. गोऱ्या लोकांबरोबर ती आली. यांना पळायचं माहीत होतं, पण कोणापासून पळायचं ते माहीत नव्हतं. ते शिकायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांना कोणी दिला नाही. आता म्हणे कुंपणाच्या आत उरलेल्या काहींना लोक मांजराला घाबरायला शिकवतात." तिचे डोळे चमकत होते. पुण्यात झोपताना 'ऐक बाळा' म्हणत ती मला असंच सांगायची, मधमाश्यांचं, बेडकांचं. त्या गोष्टी माझ्यासाठी असायच्या. आता मी नुसती ऐकायला होते.

संध्याकाळी ती पाला तोडायला बाहेर पडायची, बॉटलब्रश, टी-ट्री, कोवळी निलगिरी. कवेत फांद्या घेऊन येताना पाहून कोपऱ्यावरचे शर्मा अंकल रोज विचारायचे, "भाभीजी, आज फिर पूजा है?" आई हसून "हां, वही समझो" म्हणायची. मला आतून चीड यायची, कारण अंकलचं अगदी बरोबर होतं.

शाळेत माझं भाषण होतं. वर्गातून निवड होऊन मी शाळेच्या स्पर्धेत गेले होते, इंग्रजीत, त्या देशातल्या दुसऱ्याच वर्षी. आई आली, तिसऱ्या रांगेत बसली. मी बोलायला उभी राहिले. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं आणि आई स्वतःच्या स्वेटरात बघत होती. माझं एक वाक्य राहून गेलं, नंतर सापडलं, शेवटी टाळ्याही पडल्या. घरी येताना ती म्हणाली, "छान बोललीस गं," आणि पुढच्याच श्वासात, "त्याचं दूध अर्धा तास उशिरा झालं." मी गाडीच्या काचेला कपाळ टेकवून बसले. त्या रात्री ठरवलं की हा जो कोणी आहे, तो आईचा राहता कामा नये. त्याला मारायचं वगैरे माझ्या मनात नव्हतं, तेवढी मी दुष्ट नव्हते. त्याने तिच्यापेक्षा मला जास्त मानावं, एवढंच मला हवं होतं. आज वाटतं, मारायचं ठरवलं असतं तरी याहून अचूक उपाय सापडला नसता.

तोपर्यंत तो पिशवीबाहेर येऊन मागच्या पडवीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात राहू लागला होता. गुरुवारी संध्याकाळी आई लिनकडे बैठकीला जायची, बाबा शिफ्टला असायचे. पहिल्या गुरुवारी मी केळं कुस्करलं, दूध-साखर घातली, जायफळ किसलं. आईने महिनोन्महिने शिकरण केलं नव्हतं. निम्मं मी उभ्याउभ्या खाल्लं, अंदाजाने आईसारखं झालं होतं. मग उरलेली वाटी घेऊन पडवीत गेले आणि कसं कोण जाणे, चमच्याने वाटीवर तीनदा वाजवलं. तो पाल्याआडून डोळे वटारून बघत राहिला. मी बोटावर थोडं घेऊन जाळीला लावलं. बऱ्याच वेळाने तो आला, त्याने हुंगलं, चाटलं, आणि दोन्ही इवले हात पुढे काढून माझं बोट धरलं. काय सांगू, सगळा राग क्षणभर वितळला. मग लगेच दुसरा विचार आला, की आईचं बोट तो असं कधीच धरत नाही, कारण आई हातमोजे घालून येते आणि एक शब्द बोलत नाही.

गुरुवारच्या जोडीला मग मंगळवारही आले, आई पाला तोडायला गेली की. पाच-सहा आठवड्यांत टिक टिक झाली की तो उड्या मारत जाळीशी यायचा. आईला मात्र तो नियमाप्रमाणे घाबरायचा, फिस्स करून पाल्यात शिरायचा, आणि ती बिचारी त्यानेच खूश व्हायची. "बघितलंस? जंगली होतोय!" म्हणायची. मी मान डोलवायचे आणि पोटात गुदगुल्या व्हायच्या. तिच्याकडे न येणारा माझ्याकडे येतो, हे गुपित मी शाळेत बसूनसुद्धा काढून काढून बघायचे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला लिन त्याला घेऊन गेली. रिचमंडच्या पलीकडे तिचं मोठं अंगण होतं, मागे सगळं रान. तिथे दोन आठवडे तो आणखी दोन रिंगटेलांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात राहिला आणि मग सोडायचा दिवस ठरला. लिनने आईला फोनवर सांगितलं होतं की हा नीट सुटला की पुढच्या मोसमात तुला एकदम तीन पिल्लं देईन. फोन ठेवून आई स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली आणि मग फ्रिजवरची ती पत्रं काढून तिने कचऱ्यात टाकली. मी हे पाहिलं होतं. तरीही निघताना मी स्टीलची वाटी आणि चमचा जॅकेटच्या खिशात टाकला, आणि एका डबीत शिकरण. कशासाठी, ते मी स्वतःलाही नीट विचारलं नाही.

ऊन उतरलं होतं आणि स्वेटर लागावा असा गार वारा सुटला होता. सिकाडा किडे कान फुटतील असे ओरडत होते. लिनने पिंजऱ्याची वरची झडप उघडली आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. बराच वेळ काही हललं नाही. मग एक बाहेर आला, दुसरा आला, आणि मग तो. फांदीवरून फांदीवर, शेपटीची पकड घेत, तो निलगिरीवर चढत गेला. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आईचे डोळे भरून वाहत होते, एक हात स्वेटरवर पोटाशी होता, जिथे पूर्वी पिशवी असायची, आणि ती अगदी हळू म्हणाली, "जा बाळा."

'बाळा' मी होते. त्या घरात त्या नावाचं दुसरं कोणी नव्हतं. त्याला तिने इतके महिने नाव ठेवलं नव्हतं, आणि आता निघताना माझंच दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाटी काढली आणि वाजवली, टिक टिक टिक.

तिघांतला एक थांबला. वळला. खोडावरून डोकं खाली करून सरसर उतरला, आणि मोकळ्या गवतावरून, जिथे रिंगटेलने कधी पाऊल टाकू नये, सरळ माझ्याकडे आला. माझ्या बुटावर चढला, जीन्सवरून वर आला आणि माझी बोटं हुंगू लागला. ते अर्धं मिनिट मी जगातली सर्वांत सुखी मुलगी होते. मी आईकडे बघितलं, जिंकल्यासारखं.

सिकाडा तेवढे ओरडत होते. लिन पुढे आली, तिने त्याला टॉवेलमध्ये धरलं, तेव्हा तो ओरडलासुद्धा नाही. "हू'ज बिन हॅन्डफीडिंग हिम?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. कुंपणापलीकडे कोल्ह्याची जोडी आहे, ती म्हणाली, शेजाऱ्यांची मांजरं आहेत. घरात कोणी कप वाजवला तरी हा खाली येणार. हा आठवडाभरही टिकला नसता.

आईने माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलं. जायफळाचा वास तिच्यापर्यंत गेला असणारच. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग सगळं एकदम आलं, आणि मग तिने ते सगळं पुसून टाकलं.

"आय डिड," ती लिनला म्हणाली. "बनाना अँड मिल्क. इट्स माय फॉल्ट."

"मेधा, आय टोल्ड यू."

"येस. द टॅपिंग, शी ओन्ली लर्न्ट इट फ्रॉम मी."

मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. पण बाबांचा हात खांद्यावर घट्ट झाला आणि मी ते मिटलं. बाबांवर ढकलणं सोपं आहे. मला बोलायचं असतं तर मी बोललेच असते. लिनने बराच वेळ आईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं असं मला आता वाटतं. तिने एवढंच सांगितलं की त्याला पुन्हा पिंजऱ्यात ठेवून, माणसांपासून दूर, पुढच्या हिवाळ्यानंतर प्रयत्न करून बघू. आणि आईला पुढच्या मोसमात पिल्लं देता येणार नाहीत. "सॉरी, मेट," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं. हिवाळ्यानंतर त्याला सोडलं, एवढं एका फोनवरून कळलं. पुढे तो जगला की नाही, मला माहीत नाही. आईने त्यानंतर परवान्याचं नूतनीकरण केलं नाही. काही वर्षांनी ती एका डे-केअरमध्ये लागली आणि लोकांची मुलं सांभाळत निवृत्त झाली.

आता मी स्कोफिल्ड्सला राहते. घरांना घरं चिकटलेली, चढायला झाड नाही, आणि माझ्या छपरावर कोणी पळत नाही. आई महिन्यातून दोनदा राहायला येते. आम्ही सगळ्या जगाबद्दल बोलतो, त्या संध्याकाळबद्दल एकदाही बोललो नाही.

त्या संध्याकाळी आम्ही लिनकडून परतलो. घरी आल्यावर मी खोलीत जाऊन दार लावलं आणि बुटांसकट पलंगावर बसून राहिले. ती येईल, रागावेल, कदाचित एखादी देईल, आणि मग रडून मोकळं होता येईल, असं मला वाटत होतं. ती आली नाही. स्वयंपाकघरात कपाट उघडल्याचा आवाज आला, फ्रिजचं दार लागलं. मग वाटीवर चमचा वाजला, टिक टिक टिक.

मी धावले. विचार न करता, दार उघडून, पॅसेजमधून, सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि उभी राहिल्यावर मला कळलं की मी काय केलं. आईलाही कळलं. तिने वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, "खा."

मी खाल्लं. जायफळ बरोबर होतं, साखर बरोबर होती, माझ्या हातच्यासारखं अंदाजाने नव्हे. ती समोर बसून मी खाते ते बघत होती, मलाच, दुसऱ्या कोणाला नाही, आणि वर्षभर मला एवढंच तर हवं होतं. वाटी चाटून पुसून संपवली तेव्हा मी मान वर केली. तिचा एक हात टेबलावर होता. दुसरा स्वेटरवर, पोटाशी, पूर्वीसारखाच अलगद धरलेला. तिथे आता कोणी नव्हतं. मला त्या रिकाम्या जागेचाही हेवा वाटला.